लेसच्या कॉलरवरची फुली

आत्याबाई,

वर 'प्रिय' लिहिणार होते. पेन टेकवलं आणि हात तिथेच अडला. मग 'तीर्थरूप' लिहून पाहिलं, तेही खोडलं. आता नुसतं आत्याबाई. चालवून घ्या. मी तुमचं सोळा वर्षं चालवून घेतलं.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. गल्लीतली झाडून सगळी माणसं आली होती. पंगत उठल्यावर ओसरीत गप्पा सुरू झाल्या आणि समोरचे किराणावाले काका म्हणाले, "म्हातारी लय खट होती, पर हाताला मानलं पाहिजे. इतकी वर्षं लाँड्री चालवली, तिच्या हातनं कवा एक कपडा खराब झाला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या चिरंजिवांनी डोळे पुसले.  गेलेल्या माणसाचं लोक चांगलंच बोलतात, बोलू दे म्हटलं.

तेवढ्यात आपली प्राजू, पाण्याचा जग घेऊन फिरत होती ती, म्हणाली, "व्हय, आजीच्या हातनं कवाच न्हाई. आईच्या हातनं झाला होता एक."

लोक हसले. काका म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय." मी हातात कढीचं पातेलं घेऊन उभी होते. बारा वर्षांची माझी लेक, तिला तेवढंच ठाऊक आहे! आजीचा हात चोख आणि आईचा हात कच्चा. हे तिला कोणी शिकवलं, आत्याबाई? मी तर नाही शिकवलं.

म्हणून लिहिते आहे. आज दुकान बंद आहे. दुपारची वेळ आहे, हे बाहेर गेलेत, आणि मी तुमच्याच इस्त्रीच्या टेबलावर वही ठेवून बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "टेबल लिहायला न्हाई, कामाला हाय." आज म्हणा की! म्हणून दाखवा!

लहानपणी मी तुम्हाला 'अगं आत्या' म्हणायची. तुम्ही शिरड शहापूरला माहेरी आलात की तुमच्या पिशवीतून रेवड्या काढायची, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. माझे वडील म्हणजे तुमचा धाकटा भाऊ. तुमच्या मुलाला भावाची मुलगी करायची हे मी चालायला लागले तेव्हाच ठरलं होतं. मला आनंदच होता. सासू कुठली परकी, आत्याच तर आहे! अक्षता पडल्या, आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "आता अगं-तुगं बंद. आत्याबाई म्हनायचं, तुमी म्हनायचं." त्या दिवशी माझी सासू आली आणि आत्या गेली. श्राद्ध मी तेव्हाच घालायला हवं होतं.

हिंगोलीत आले ती थेट हौदावर. मला काम येत नव्हतं, तुम्ही शिकवलंत. ते मी नाकारत नाही. पांढऱ्याला नीळ किती, धोतराला खळ किती, कोळशाची इस्त्री गालाजवळ नेऊन ताप कसा ओळखायचा, सगळं तुमच्याकडून घेतलं. पण शिकवताना एकदा तरी 'बराबर केलंस' म्हणालात? एकदा? मी घडी घातली की तुम्ही ती उलगडून पुन्हा घालायचात. तशीच. तंतोतंत माझ्यासारखी! मग माझीच का नाही ठेवलीत?

आणि तुमचा तो बिब्बा!

बिब्ब्याला सुई टोचायची, काळा चीक आला की काडीवर घ्यायचा, कपड्याच्या आतल्या बाजूला खूण करायची आणि वर लगेच चुन्याचं बोट ठेवायचं. ती खूण कपडा विरला तरी जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. वकिलांच्या घरची दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. आपल्या घरच्या कपड्यांना फुली, म्हणजे गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात आपलं काही जायला नको. तुम्हाला शंभर घरं तोंडपाठ होती. अक्षरं दोन इयत्तांपुरती, पण ह्या खुणांत तुम्ही कधी चुकला नाहीत, असं तुम्हीच सांगायचात.

पहिल्याच महिन्यात मी चुना विसरले आणि बिब्बा माझ्या बोटांवर उतला. तीन बोटांना फोड आले. तुम्ही आधी मला शिव्या दिल्यात, मग खोबरेल लावलंत, मग चार दिवस मला तुमच्या हाताने भरवलंत. का भरवलंत? तेवढं नसतं केलंत तर आज मला सरळ रागावता आलं असतं. मधेच तो वरणभाताचा घास आठवतो आणि चिडायचं राहून जातं.

पण आज नाही राहणार.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमाराला मी बिब्बा सोडला. खूण रंगीत दोऱ्याने करायला लागले. आतल्या शिवणीत दोन टाके, वकिलांना तांबडे, मास्तरांना हिरवे. काढायचा म्हटला तर निघतो, अंगाला लागत नाही. गिऱ्हाइकं खूश झाली. तुम्ही? तुम्ही म्हणालात, "दोरा उसवला की नाव गेलं. तू काहून नवे धंदे करून राहिली?" आणि आपल्या घरच्या कपड्यांना तुम्ही बिब्ब्याचीच फुली करत राहिलात. माझ्या साड्यांना, परकरांना, प्राजूच्या लंगोटांना सुद्धा. चुना लावून, नीट. तेवढा तुमचा हट्ट मी सोडून दिला. घरचं आहे, करू दे म्हटलं.

आता मधुराताईंवर येते. तुम्हाला हे नाव ऐकायचं नसेल. ऐका.

वकिलांची धाकटी मुलगी. पुण्यात जपानी भाषा शिकली, वर्षभर जपानला राहून आली आणि येताना एक बॅग भरून फ्रॉक घेऊन आली. फ्रॉक म्हणजे काय फ्रॉक! झालरीवर झालर, तिच्यावर लेस, आत जाळीचे थरावर थर असलेला पेटीकोट, पाठीला फितीचं मोठं फुलपाखरू, बाह्यांना फुगे, गळ्याला लेसची सुटी कॉलर आणि डोक्याला लेसचं टोपडं. तिकडे पोरी असं नटतात, त्या फॅशनला लोलिता म्हणतात, असं तिने सांगितलं. ती तसं नटून बाजारातून चालत आली तेव्हा पानटपरीवरची माणसं सुपारी कातरायची थांबली होती. तुम्ही दुकानात उभ्या राहून म्हणालात, "एवढी घोडी झाली अन् टोपडं घालती!" ती ऐकून हसली. चिडली नाही. मला ती तिथेच आवडली.

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कोणी धुवेल का हो? पुण्यात दोन लाँड्र्यांनी नाही म्हणून सांगितलं." तुम्ही म्हणालात, "आन, नीळ टाकून पांढराफेक करते." हस्तिदंती रंगाचा तो कपडा तुम्हाला मळका वाटला! मी मधे पडले म्हणून वाचला. मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे द्या. नीळ नाही, सोडा नाही, बिब्बा नाही. खूण दोऱ्याची करीन."

आत्याबाई, ते कपडे धुताना मला जे सुख झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तुम्ही 'थेरं' म्हणाला असतात. बोअरचं पाणी जड, त्याने लेस कडक होते, म्हणून मी नळ आला की घागरी भरून ठेवायची. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी गाळून घ्यायची. आधी फितीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायची, रंग सुटतो का. मग एकेक झालर तळहातावर धरून नुसती दाबायची. आपटणं नाही, पिळणं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत खाटेवर आडवं वाळत घालायचं, कारण टांगलं की ओल्या वजनाने शिवण ओढली जाते. पेटीकोटला तांदळाच्या पेजेची अगदी पातळ खळ, जाळी उभी राहील इतकीच.

आणि इस्त्री! लोडशेडिंगमुळे विजेची इस्त्री निम्मा दिवस शोभेची. तुमचीच कोळशाची इस्त्री घ्यायची, पण निखारे निम्मे. लेसवर ओलं मलमल टाकून, उलट्या बाजूने. झालरीला इस्त्रीचं टोक चुणीपर्यंत न्यायचं आणि उचलायचं, ओढायचं नाही. फितीच्या फुलपाखरात कागदाची सुरळी घालायची म्हणजे ते चपटं होत नाही. बटणांना चॉकलेटची चांदी गुंडाळायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हे माझं मी शोधलं. पहिल्यांदा आयुष्यात माझं असं काही होतं, तुम्ही घडी मोडून पुन्हा न घातलेलं.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मधुराताई म्हणाल्या, "कुसुमताई, मी पुण्यात मैत्रिणींबरोबर दुकान काढते आहे. असे कपडे भाड्याने देणार, फोटोंसाठी, कार्यक्रमांसाठी. धुणं, इस्त्री, डागडुजी तुम्ही बघाल? राहायला खोली आहे. प्राजूला तिथल्या शाळेत घालू." ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "ऑटो काय, तिकडंबी चालवता येतो." म्हणजे हेही तयार होते, आत्याबाई! आम्ही तिघं निघणार होतो. तुम्हालाही नेणार होतो. तुम्ही म्हणालात, "मी हौद सोडून कुठं जाऊ न्हाई." आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

पुढच्या रविवारी पुण्यात त्यांच्या दुकानाचा पहिला कार्यक्रम होता. हस्तिदंती फ्रॉक मधुराताई स्वतः घालणार होत्या. सगळं धुऊन, इस्त्री करून मी ठेवलं होतं. फक्त लेसची कॉलर राहिली होती, ती खाटेवर टॉवेलवर वाळत होती. मी प्राजूच्या शाळेत पालकसभेला गेले. परत आले तर खाट रिकामी. तुम्ही म्हणालात, "कॉलरला मीच इस्त्री मारली. समदं बांधून शेजारच्या दिगूच्या हाती पाठवून दिलं. ते लोक बोंबलत बसतील, तुझी वाट बघत."

मला बरं वाटलं! खरं सांगते, मला वाटलं की आत्याबाईंचा राग निवळला.

दोन दिवसांनी वकिलांकडून निरोप आला. आपण दोघी गेलो. मधुराताई ओसरीत बसल्या होत्या, मान वाकडी करून. मानेपासून खांद्यापर्यंत फोड. लाल, पाणी भरलेले. बिब्बा उतला होता. कॉलर बरोबर बसते का हे बघायला त्यांनी ती तासभर घालून ठेवली होती, तेवढं पुरलं. वकिलीणबाईंनी ती कॉलर चिमटीत धरून पुढे केली. आतल्या बाजूला, मानेच्या मधोमध, काळी खूण. इस्त्रीच्या धगीने चीक पसरून लेसच्या पुढच्या फुलांपर्यंत आला होता.

मधुराताईंनी मला विचारलं, "कुसुमताई, तुम्ही तर दोऱ्याची खूण करते म्हणाला होतात ना?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी तुम्ही बोललात. "सूनबाईनं केलं, बाई. मी कवा लेसला बिब्बा लावीन व्हय? हिला हजार डाव सांगितलं. लेकरू हाय, चुकलं." मग माझ्याकडे वळून, "उभी काहून राहिली? पाय धर बाईचे."

तीस वर्षांची होते मी. लेकरू!

मी पाय धरले. का धरले, हे मला अजून कळत नाही. सासू म्हणून? आत्या म्हणून? की वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही म्हणाल, 'पोरी, चुकलं माझं, उद्या जाऊन सांगते'? रिक्षात मी वाट बघत होते. नरसी फाट्याकडून येणारी जीपगाडी आडवी आली म्हणून रिक्षा थांबली, तेव्हा तुम्ही बोललात. "जाऊ दे. तुला आनखी लय कपडे भेटतील. माझं एकच नाव हाय."

हे तुमचं वाक्य मला पाच वर्षं पाठ आहे. माझी नावं किती होती, आत्याबाई? दोन? तीन?

मधुराताईंना कार्यक्रमाला जाता आलं नाही. फोड सुकायला पंधरा दिवस गेले. पुण्याचं कोणी बोललं नाही, मी विचारलं नाही. वकिलांचे कपडे बंद झाले. गल्लीत मला 'बिब्बावाली' म्हणायला लागले, ते तुम्ही ऐकायचात आणि इस्त्रीचे निखारे हलवायचात. ह्यांनी एकदा विचारलं, "आई, खूण तू केली का कुसुमनं?" तुम्ही जेवणावरून उठलात. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तुमचे चिरंजीव तुमच्यावरच गेलेत, गप्प बसण्यात.

आणि तरी शेवटची दोन वर्षं तुम्हाला दिसेनासं झालं तेव्हा तुमचं सगळं मी केलं. मोतीबिंदू एकाएकी पिकला म्हणालात; डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनला उशीर झालाय. हात धरून हौदावर नेलं, लुगडी धुतली, घास भरवले. कोणी म्हणेल किती गुणाची सून! गुण नव्हता तो. मी वाट बघत होते. रोज वाटायचं, आज म्हणतील. घास घेताना म्हणतील, केस विंचरताना म्हणतील. शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात. मी वाकले. तुम्ही म्हणालात, "हौदाची तोटी गळून राहिली."

बस्स! तोटी!

आज लिहूनच टाकते. माझी खात्री आहे की तुम्ही ते मुद्दाम केलंत. मला जाऊ द्यायचं नव्हतं तुम्हाला. मी गेले असते तर तुमच्या हाताखाली कोण राहिलं असतं? एका खुणेत तुम्ही माझं पुणं पुसलंत. आणि ती खूण तरी वकिलांची करायची! तुम्ही केली होतीत फुली. ओसरीत मी नीट पाहिली. आपल्या घरची फुली. तेव्हापासून मला वाटत आलंय की ती तुम्ही मलाच दाखवायला केलीत. 'तू माझ्या घरची आहेस, तुझ्यावर खूण माझी.' असंच ना?

मधे उठावं लागलं.

तुमची धाकटी बहीण, यमुनामावशी, संध्याकाळच्या गाडीने निघते आहे. आठवण म्हणून तुमचं एखादं लुगडं दे म्हणाली. ट्रंक उघडली. जांभळं रेशमी लुगडं काढलं, घडी झटकली आणि आतून एक कागद पडला. डोळ्यांच्या मोफत शिबिराचा. तुमचं नाव. दोन्ही डोळ्यांपुढे लिहिलंय, मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन लवकर करावे. खाली तारीख. मी ती तीनदा वाचली. मधुराताईंची ती चौथी खेप आपल्याकडे आली त्याच्या सात महिने आधीची.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "व्हय, मीच नेलं होतं तिला शिबिरात. मला शपथ घातली, घरी सांगू नको म्हनून. म्हनाली, डोळे गेले समजलं तर गिऱ्हाईक मला इस्त्री देतीन का? बोटानं करते मी समदं, कोनाला तकलीफ न्हाई."

पुन्हा येऊन बसले आहे. 

आता सगळं दिसतंय. त्या कॉलरवर चुनाही होता, आत्याबाई. फुलीवर नव्हता, बोटभर बाजूला, वाळलेला. तेव्हा मला वाटलं, घाईत लावला. आणि त्याच आठवड्यात मी डागडुजीतून उरलेल्या लेसची प्राजूला एक सुटी कॉलर शिवली होती, मधुराताईंची बघून. ती त्याच खाटेवर, त्याच टॉवेलवर, शेजारी वाळत होती. तुम्ही नातीची कॉलर समजून ती उचललीत. घरची फुली केलीत, हरवू नये म्हणून. चुना लावलात, लेकराच्या मानेला उतू नये म्हणून. आणि मग गठ्ठा बांधताना दोन्ही कॉलरी बोटांनी चाचपल्यात, पुन्हा फसलात आणि खूण केलेली तीच त्यात घातलीत.

म्हणजे मुद्दाम नव्हतं.

पाच वर्षं मी तुम्हाला ज्या गोष्टीसाठी शिव्या घातल्या ती तुम्ही केलीच नव्हती. ते घेते मी मागे. लिहून देते, घेते मागे.

पण आत्याबाई, मग तर तुमच्याकडे सांगायला खरंच काहीतरी होतं! 'बाई, मला दिसत न्हाई, नातीची समजून खूण केली.' एवढं म्हणाला असतात तर वकिलीणबाईंनी तुम्हाला पाणी दिलं असतं. मधुराताई स्वतः तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या असत्या, तशीच आहे ती मुलगी. ऑपरेशन झालं असतं. तुम्ही मरेपर्यंत इस्त्री केली असती! आणि मी पुण्याला गेले असते. सगळ्यांचं सगळं वाचलं असतं. तुम्ही त्याऐवजी मला वाकायला लावलंत. तुमचे डोळे झाकायला माझी मान वापरलीत.

मुद्दाम केलं असतंत तर मी समजू शकले असते. भीती समजते. सून हातची जाऊ नये, हे समजतं. ओसरीत उभं राहून, काय झालं हे आतून नीट कळलेलं असताना, तुम्ही जे बोललात ते मला समजत नाही. हाताची चूक माफ केली. तोंडाची नाही करत.

प्राजूला मघाशी हाक मारली आणि सगळं सांगितलं. कागद दाखवला. तिने तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजी ती माझी समजून केली व्हय आजीनं?" मी म्हटलं, हो. तिचे डोळे भरले. तुमची नात आहे, रडणारच. मग म्हणाली, "पर आई, मग आजी तसं बोलली काहून न्हाई?"

 ह्याचं उत्तर मी बनवून देणार नाही. तुमची बाजू मांडायची सवय मी आजपासून सोडली.

आता वचन देते, ते नीट ऐका. मधुराताई ह्या रविवारी हिंगोलीत येणार आहेत, भावाच्या साखरपुड्याला. मी वकिलांच्या घरी जाणार आहे. त्याच ओसरीत उभी राहीन, कोणाचे पाय धरणार नाही, आणि सांगेन की ती खूण माझ्या हातची नव्हती, माझ्या सासूच्या हातची होती. त्या विचारतील, "त्यांनी असं का केलं?" तेव्हा मी म्हणेन, "मला माहीत नाही."

प्राजू तुमची आहे, म्हणून तिला डोळ्यांचं सांगितलं. मधुराताई तुमच्या कोणी नाहीत. तिथे 'मला दिसत न्हाई' एवढ्या एका वाक्याने सुटता येत होतं तुम्हाला, आणि ते वाक्य मला आता ठाऊक आहे. रविवारी ते माझ्या ओठांवर येईल. मी बोलणार नाही. तुम्ही माझ्यासाठी नाही बोललात.

तुमची सून, आणि त्याच्या आधी तुमच्या मांडीवर झोपणारी भाची,
कुसुम